टोकियोत विद्यार्थ्यांचा पहिला दिवस: झेंडीमागून की मोकळं सोडून?

घाटावरची

मंडळी, नोव्हेंबरात आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली अठरा मुलंमुली आणि आम्ही दोघं शिक्षक टोकियोला निघालोय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं. निम्म्यांनी जपानीची पहिली परीक्षा दिलीय, उरलेल्यांचं भांडवल म्हणजे 'आरिगातो' आणि कार्टून. काहींचा तर विमानप्रवासच पहिला. पुढचे दिवस विद्यापीठातली व्याख्यानं आणि प्रयोगशाळा यांत जाणार, पहिला दिवस तेवढा आमच्या हातात.

प्रवास कंपनीने त्या एका दिवसाचा कार्यक्रम पाठवलाय: असाकुसा, स्कायट्री, उएनो, अकिहाबारा, शिंजुकू, शिबुया. पुढे गाइडबाई, त्यांच्या हातात झेंडी, मागे आमची दिंडी. रात्रभर विमानात अवघडून सकाळी सातला नारिताला उतरलेली मुलं हे सगळं बघणार म्हणजे काय, बसच्या काचेला डोकं टेकून घोरणार.

माझ्या मनात वेगळं आहे. एकच भाग निवडायचा आणि दुपारी चार-पाच जणांच्या गटांत मुलांना तीन तास सोडून द्यायचं. ठरल्या वेळी ठरल्या जागी परत. रस्ता चुकले तर चुकू देत. सहकारी सर म्हणतात, "मॅडम, मग पालकांचे फोन तुम्हीच घ्या." जाऊन आलेल्यांनी सांगा, हे जमण्यासारखं आहे का? आणि भाग कोणता निवडू?

कट्ट्यावरचा_बंड्या

सहा ठिकाणं एका दिवसात? आमच्या सोसायटीच्या अष्टविनायकाला सुद्धा दोन दिवस लागतात हो.

निशिकासाईकर

ताई, तुमचं बरोबर आहे. यादीतली चार नावं आजच खोडा.

आधी सकाळचा हिशोब. सातला विमान टेकलं तरी वीस जणांचं इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स उरकून बाहेर यायला नऊ वाजतात. व्हिजिट जपान वेब या जपान सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची माहिती घरूनच भरून क्यूआर कोड काढून ठेवायला सांगा, नाहीतर दहा. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब. तिथून केइसेई या रेल्वे कंपनीची अॅक्सेस एक्स्प्रेस न बदलता थेट असाकुसाला जाते, तासभर लागतो. म्हणून हॉटेल असाकुसाच्या आसपास असेल तर उत्तम. खोल्या बहुधा तीनच्या आधी देत नाहीत, पण बॅगा ठेवून घेतात. वीस बॅगांचं आधी कळवून ठेवा, काउंटरवरचा माणूस काही बोलणार नाही, पण त्याचा चेहरा बघवणार नाही.

आता भाग. असाकुसा आणि उएनो, बास. दोन्हींच्या मध्ये गिंझा लाइन धावते. ही टोकियोची पहिली भुयारी रेल्वे, १९२७ साली सुरू झाली तेव्हा नेमकी याच दोन स्टेशनांमध्ये, सव्वादोन किलोमीटर. आज या शहरात मेट्रोच्या दोन कंपन्या मिळून तेरा लाइनी आहेत, जेआर ही रेल्वे कंपनी आणि बाकीच्या खाजगी रेल्वे वेगळ्या. मुलांना पहिल्याच दिवशी ते सगळं जाळं दाखवू नका. एक लाइन, केशरी रंगाची. असाकुसा म्हणजे जी १९, उएनो म्हणजे जी १६. नावं विसरली तरी आकडे लक्षात राहतात, फलाटावर सगळीकडे लिहिलेले असतात.

असाकुसात मोकळं सोडायला हरकत नाही, कारण हरवणं अवघड. एका बाजूला सुमिदा नदी, नदीपलीकडे ६३४ मीटरची स्कायट्री. मान वर केली की दिशा कळते. तिकीट काढून वर चढायचीही गरज नाही. कामिनारीमोन दरवाजाच्या अगदी समोर पर्यटन माहिती केंद्राची लाकडी पट्ट्यांची इमारत आहे, केंगो कुमा यांनी केलेली. तिच्या आठव्या मजल्यावरची गच्ची फुकट. तिथून देऊळ, नाकामिसे गल्ली आणि स्कायट्री एका नजरेत दिसतात. सगळ्यांना आधी तिथे न्या, बोटाने भूगोल दाखवा, मग सोडा.

एकच खाच: असाकुसा नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत आणि त्सुकुबा एक्स्प्रेसचं असाकुसा बाकीच्यांपासून चांगलं लांब आहे. "स्टेशनवर भेटू" असं कुणालाही म्हणू देऊ नका.

गुरुजी_निवृत्त

शाळा-कॉलेजच्या सहली काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून विरोधी मत मांडतो. राग नसावा.

मोकळं सोडावं, पण पहिल्या दिवशी नव्हे. मूल झोपलेलं नाही, पोटात विमानातलं काहीबाही, घड्याळ साडेतीन तास पुढे गेलेलं. अशा वेळी माणूस रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायचं की डावीकडे हेही विसरतो. (जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात, हे त्यातल्या त्यात बरं.) पहिल्या दिवशी झेंडीमागे फिरवा, रात्री झोपू द्या, तिसऱ्या दिवशी खुशाल सोडा.

दुसरं, पासपोर्ट. तिथे सोळा वर्षांवरच्या परदेशी पर्यटकाने तो सतत अंगावर बाळगलाच पाहिजे असा कायदा आहे, पोलीस विचारू शकतात. आपल्याकडे सहलीत सगळे पासपोर्ट सरांच्या पिशवीत गोळा करायची पद्धत असते. मुलं गटागटाने जाणार असतील तर ती पद्धत बंद. आणि एकोणीस वर्षांचं पोरगं पासपोर्ट कुठे ठेवतं? जीन्सच्या मागच्या खिशात.

कर्जत_लोकल

गुरुजी, रोज सकाळी ७.४८ च्या गाडीला लोंबकळणाऱ्या पोरांना टोकियोची मेट्रो काय हरवणार! तिथे ढकलाढकली करायला सुद्धा गणवेशातली माणसं ठेवतात म्हणे. आपल्याकडे ही सेवा प्रवासी एकमेकांना मोफत देतात.

राजेहो_नागपूर

मी विद्यार्थी म्हणूनच जाऊन आलोय, अशाच एका गटातून. खरं सांगू का राजेहो, पहिल्या दिवशी काय पाहिलं ते अर्ध्यांना आठवत नाही. काय *केलं* ते सगळ्यांना आठवते.

आमच्या मॅडमनी स्टेशनवर प्रत्येकाला यंत्रातून आपापलं सुइका कार्ड, म्हणजे आधी पैसे भरायचं प्रवासाचं कार्ड, काढायला लावलं. रोख पैसे टाकून. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, आणि भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सुइका चालत नाही, आयफोनवाल्यांचं चालते. तर एका मित्राने हुशारी केली, "उगाच जास्त पैसे कशाला टाकायचे?" उतरल्यावर आम्ही सगळे पटापट बाहेर. याने कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, दोन्ही फळ्या धाडकन बंद. आम्ही इकडे, तो तिकडे. मागे ऑफिसवाल्यांची रांग. एकही माणूस ओरडला नाही बे! सगळे गुपचूप बाजूच्या फाटकाकडे सरकले. ओरडले असते तर परवडलं असतं.

फाटकाच्या आतच फरकाचे पैसे भरायचं यंत्र असते. त्यात कार्ड टाका, कमी पडलेले येन टाका, झालं. हे त्याला एका शाळकरी पोरीने खुणा करून दाखवलं. पाठीवर चामड्याचं चौकोनी दप्तर, वय असेल आठ. एकटीच घरी चालली होती.

गुरुजी, आठ वर्षांची पोरं त्या शहरात एकटी मेट्रोने जातात. आमचा मित्र एकवीसचा होता.

गुरुजी_निवृत्त

@राजेहो, ती आठ वर्षांची मुलगी तिथे वाढलेली आहे. तिला पाटी वाचता येते. मुद्दा वयाचा नाहीच.

चहाटळ

गुरुजींच्या मुद्द्यात दम आहे, पण मग उपाय असा करा की दुपारच्या त्या तीन तासांत गाडीत बसायचंच नाही. फक्त पायी. सकाळी सगळ्यांनी मिळून गाडी, दुपारी गटागटाने पाय.

आणि शिंजुकू पहिल्या दिवशी अजिबात नको. जगातलं सगळ्यात वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात नोंद आहे, दोनशेच्या वर बाहेर पडायचे रस्ते. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर पलीकडे जायला मोठा वळसा. रात्री काबुकिचोच्या, म्हणजे तिथल्या बार-क्लबांच्या वस्तीच्या, बाजूला गेलात तर दारात उभे राहून गिऱ्हाईक ओढणारे दलाल असतात, मुलांना आधी सांगून ठेवा की कुणी गोड बोलून बारमध्ये बोलावलं तर मान खाली आणि चालू लागा.

शेंगदाण्याची_चटणी

मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. जेवायचं काय? आमची कन्या अशाच एका गटातून जाणार आहे आणि ती कट्टर शाकाहारी आहे. अंडंही नाही.

निशिकासाईकर

@शेंगदाण्याची_चटणी, खरी अडचण मांसाची नाही, दाशीची. सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. सूप, सोबा नूडल्सचं पाणी, भाजीचा रस्सा, अगदी दिसायला निरागस अशा अळकुड्यांच्या भाजीतही तोच. ताटात मासा दिसत नाही म्हणून डिश शाकाहारी असं समजू नये. वेष्टनावरचं फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायची सवय पहिल्या दिवशीच लावा.

टोकियो स्टेशनात जेआरच्या फाटकाच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे. कांदा-लसूण मात्र असतो, जैन मुलांना नाही चालायचं. आणि शेवटचा आसरा म्हणजे आमचं निशिकासाई. भारतीयांची इतकी वस्ती की डोसा, पोळी, वरणभात सगळं मिळतं. २०१९ साली इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच आहेत.

पहिल्या दुपारी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, ओनिगिरी (भाताचा तिकोनी गोळा) घेऊन सुमिदाच्या काठावर बसून खाणं हे सगळ्यात सोपं, स्वस्तही. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. १ धरून पट्टी उभी खाली ओढायची, मग २ आणि ३ चे कोपरे बाजूला. भात आणि समुद्रशेवाळाचा पापड यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो सुटून येतो आणि पापड कुरकुरीत राहतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी हे उघडून, परत बंद करून, परत उघडून बघितलेलं मी पाहिलंय.

खाऊन झाल्यावरचा कागद मात्र हातातच राहतो. १९९५ च्या मेट्रोतल्या सरीन वायूच्या हल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या जवळपास गेल्याच. प्रत्येकाने खिशात एक पिशवी ठेवायची. नाकामिसेत चालता चालता खाऊही नये, दुकानासमोर उभं राहून संपवायचं.

कट्ट्यावरचा_बंड्या

थेपले, चिवडा, लोणचं, मेथकूट. पुणेकर अठरा मुलं म्हणजे किमान बावीस किलो. कचऱ्याची पिशवी आधी तीच भरणार.

शेंगदाण्याची_चटणी

बंड्या, हसू नकोस, मी खरंच पाच किलो बांधलंय.

चहाटळ

ताई, चिवडा चालेल. मांसाचा कुठलाही पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

देवभोळी_सांगली

अवांतर होतंय, पण असाकुसाला जाताच आहात तर तिथल्या सेन्सोजी या मोठ्या देवळापासून दहा मिनिटांवर आपला गणपती आहे, तो चुकवू नका. मात्सुचियामा शोदेन. जपानीत त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम बंद. आणि नैवेद्याला काय? मुळा! पांढरा, दंडाएवढा. देवळातच विकत मिळतो, घेऊन समोर ठेवायचा. भिंतींवर, पायऱ्यांवर सगळीकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची नक्षी. गर्दी अजिबात नाही.

कट्ट्यावरचा_बंड्या

मुळा?? बाप्पाला??? मोदकांचं काय झालं वाटेत?

देवभोळी_सांगली

मोदकही पोचलाय, पण क्योतोपर्यंत. तिथे सेइजो कांकिदान नावाचा प्रकार मिळतो: आत गोड सारण, बाहेरून पुरचुंडीसारख्या चुण्या, तेलात तळलेला. पुरचुंडी बघितली की आपल्या माणसाला लगेच ओळख पटते.

इतिहासाचा_किडा

उएनोचा विषय निघालाय म्हणून. तिथल्या प्राणिसंग्रहालयात मुलांना पांडा हवा असेल, पण ते २०२६ साली चीनला परत गेले. जाताना त्यांना इंदिरा हत्तिणीची गोष्ट सांगा. युद्धाच्या काळात १९४३ साली तिथले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले होते. युद्ध संपल्यावर टोकियोतल्या शाळकरी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती पाठवा. १९४९ साली भारतातून हत्तीण गेली, नेहरूंनी तिला मुलीचं नाव दिलं. ती १९८३ पर्यंत जगली.

आणि शिंजुकू पुढच्या एखाद्या दिवशी करालच, तेव्हा स्टेशनाशेजारच्या नाकामुराया या दुकानात करी खायला न्या. लॉर्ड हार्डिंगवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. त्यांना याच दुकानाच्या मालकांनी, सोमा दांपत्याने लपवलं. पुढे बोसांनी त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी लग्न केलं, आणि १९२७ साली या दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू झाली. आजही मिळते. कोंबडीची असते, पाच किलो चिवडेवाल्यांनी नुसती पाटी बघावी.

कर्जत_लोकल

१९२७ ला भुयारी रेल्वे पण आणि करी पण. चांगलं साल होतं.

सरकत्या जिन्याचं कुणी सांगितलं का? टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि उजवी बाजू चालणाऱ्यांना सोडायची. ओसाकात बरोब्बर उलटं. अलीकडे मात्र दोन्ही बाजूंना उभे राहा, चालू नका अशा पाट्या लावतायत. कोणी ऐकत नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं, कुठेतरी तेही आपल्यासारखे आहेत.

राजेहो_नागपूर

सेन्सोजीतली चिठ्ठी विसरले सगळे! शंभर येन पेटीत टाकायचे, षटकोनी पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उलटा करून खडखड हलवायचा, बारक्या भोकातून एक काडी निघते. तिच्यावरच्या आकड्याचा ड्रॉवर शोधायचा, आतला कागद घ्यायचा. इंग्रजीतही लिहिलेलं असते.

या देवळात वाईट चिठ्ठ्या जास्त निघतात असं तिथे सगळेच म्हणतात. आमच्यातल्या एकीला निघाली: प्रवास टाळा, आजार लांबेल, हरवलेली वस्तू मिळणार नाही. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुढचा अर्धा तास मॅडम तिच्या आईशी बोलत होत्या. वाईट चिठ्ठी तिथेच तारेला बांधून यायची असते, म्हणजे ती मागे राहते. फोटो बांधता येत नाही ना.

गुरुजी_निवृत्त

@घाटावरची, पालकांचे फोन कुठून येणार ते आता कळलं का?

शेंगदाण्याची_चटणी

गुरुजी, पालकांच्या वतीने बोलते. मला दर तासाला फोटो नको. सकाळी "पोचलो" आणि रात्री "सगळे खोलीत" एवढं आलं तरी पुरे. पण मधल्या वेळात माझी मुलगी कोणत्या तिघांबरोबर आहे हे मला आदल्या दिवशी माहीत हवं. आणि गट मुलांना पाडू देऊ नका. ते पाडले की एक गट सगळ्या मैत्रिणींचा होतो आणि एक गट कुणालाच नको असलेल्यांचा.

चहाटळ

+१. हा शेवटचा मुद्दा अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा. प्रत्येक गटात जपानी येणारा एक, नकाशा वाचणारा एक आणि वेळेवर उठणारा एक. तिन्ही एकाच माणसात असतील तर त्याला शिक्षक करा.

घाटावरची

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज सरांबरोबर बसून नवीन कागद केला.

सकाळी सगळे एकत्र: थेट गाडीने असाकुसा, बॅगा हॉटेलात, प्रत्येकाने आपलं कार्ड आपण काढायचं, मग केशरी लाइनने उएनो आणि परत. हे शिकण्यापुरतं. उएनोत तळ्याकाठी बेंतेनदो देवळापाशी थोडं थांबू. बेन्तेन म्हणजे सरस्वती, गणपतीची सोय देवभोळीताईंनी केलीच आहे. परत येऊन गच्चीवरून भूगोल. एक ते चार गटागटाने, फक्त पायी, नदी ओलांडायची नाही. चारला कामिनारीमोनच्या लाल कंदिलाखाली. त्या कंदिलावर तळाशी मात्सुशिता यांचं नाव आहे, १९६० साली तो दरवाजा पुन्हा बांधायला त्यांनी देणगी दिली होती. पॅनासॉनिकचे संस्थापक. विद्युत शाखेच्या मुलांना ही खूण पुरेल. पाचला खोल्या, आठला दिवे बंद.

पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात, शर्टाच्या आत. गट मी पाडणार. शिबुया, शिंजुकू, अकिहाबारा सगळं पुढच्या संध्याकाळी.

गुरुजी_निवृत्त

नदी ओलांडायची नाही हे कलम आवडलं. बाकी मत कायम: तीनऐवजी दोन तास. चार वाजता नोव्हेंबरात तिथे उन्हं उतरतात, साडेचारच्या सुमारास सूर्यास्त. एखादा गट अर्धा तास उशिरा आला तर तुम्ही अंधारात शोधत बसाल.

निशिकासाईकर

गुरुजींचं सूर्यास्ताचं अगदी बरोबर. एक ते तीन करा. आणि कंदिलाखाली नको, तिथे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. समोरच्या माहिती केंद्राच्या आत, तळमजल्यावर भेटा. बसायला जागा, स्वच्छतागृह, वाय-फाय.

एखादा गट आलाच नाही तर चौकातल्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत जा. रस्ता विचारायला आलेल्यांची त्यांना सवय आहे, भिंतीवर गल्लीबोळाचा नकाशा असतो.

घाटावरची

मान्य. तीन वाजता, माहिती केंद्र, तळमजला. सरांना सांगितलं, ते म्हणाले "हे गुरुजी कोण? त्यांनाच घेऊन जाऊ."

कट्ट्यावरचा_बंड्या

गुरुजी, झेंडी घेऊन तयार राहा.

अडॅप्टरवाला

उशिरा आलो. तिथे दोन चपट्या पिनांचं सॉकेट आणि १०० व्होल्ट. आपली गोल पिन जात नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० वर चालतात, फक्त पिन बदलायची. केस सरळ करायचं यंत्र मात्र नेऊ नका, नुसतं कोमट होतं. अठरा मुलांना अठरा अडॅप्टर, आणि प्रत्येक खोलीत इथून नेलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड.

शेंगदाण्याची_चटणी

अडॅप्टर मुंबई विमानतळावर घ्यावा की आधी?

अडॅप्टरवाला

आधी. विमानतळावर त्या पैशात इथे चार येतात.